कुठेतरी मुरतंय

पाऊस लागला की रात्री दोनच्या सुमारास
साबेलाची व्हॅन आपणहून हॉर्न वाजवते.
लांबलचक, एकसुरी,
सकाळी मासळी आली की वाजवते तसाच.
आणि दोसिंदा म्हातारी ताट घेऊन दारात,
अंगात नवऱ्याचा कोट, पायात लाकडी खडावा,
अंधाराला विचारते, बांगडा आहे का ग आज?

एवढंच असतं तर चाललं असतं.
डावीकडे वळायचा दिवा लावावा, तर वायपर हलतात.
ब्रेक दाबला की रेडिओ गप्प.
आधीच्या मेकॅनिकने बॅटरी बदलली, मग हॉर्न बदलला,
मग त्याने गालिसियाच गाठोड्यात बांधलं आणि स्वित्झर्लंडला गेला.
मेहुणा म्हणाला, जाळून टाक.
साबेला म्हणाली, एलादिओ, तू बघ,
सत्त्याण्णवची आहे, माझ्या थोरल्याच्या वयाची.

मी दिव्यांकडे बघितलंच नाही.
दिवा बिचारा शेवटचा. त्याला जे कळतं ते तो सांगतो.
पाणी एका ठिकाणी शिरतं
आणि कण्हतं भलत्याच ठिकाणी.
पायाखालचं रबर उचललं. खालचा स्पंज
पिळला, तर अर्धी बादली.
बोट बुडवून जिभेला लावलं.
(साबेलाने तोंड फिरवलं. दिवसभर माशांची आतडी काढणारी बाई!)
खारट असतं तर मागच्या पेट्यांतला वितळलेला बर्फ.
खारट नव्हतं.
म्हणजे सार्डिनचा दोष नाही. वरून येतंय.

गुडघ्यापाशी फ्यूजची पेटी.
झाकण काढलं, आतले दात कळकलेले,
हिरवी बुरशी धरल्यासारखे.
मीटर लावला. हॉर्नच्या तारेत
शून्य हवं होतं.
होतं चार पूर्णांक दोन.
ना धड बंद, ना धड चालू,
पावसाच्या मनात येईल तेवढं.

मग ब्रेइशोला, माझ्या भाच्याला,
बागेतली झारी घेऊन बाहेर उभा केला.
काचेच्या खालून सुरू कर, म्हटलं, हळूहळू वर ये,
घाई केलीस तर सगळीकडूनच गळेल आणि काहीच कळणार नाही.
मी आत उताणा, पाय सीटवर, डोकं पेडलांखाली,
दातांत टॉर्च, आणि तारांवर
टॉयलेट पेपरच्या पट्ट्या अंथरलेल्या.
पाच मिनिटं. दहा.
मासा पाणी केव्हा पितो ते कोणी बघितलंय?
पट्ट्या कोरड्या. मानेत कळ.
बाहेर ब्रेइशो मुलीच्या फोनवर हसत होता, झारी वाकडी.

आणि मग एक थेंब.
तारांच्या जुडग्यावरून आला,
हमरस्त्यावरून यावं तसा, बिनघोर,
उतारावर जरा थांबला,
जोडाच्या तोंडाशी लोंबकळला,
आत गेला.
हॉर्न वाजला.
माझं कपाळ स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटलं.

काचेखालची जाळी उघडली.
निलगिरीचा पाला, सात-आठ हिवाळ्यांचा,
काळा लगदा, दोन ओंजळी,
त्यात मासळीचे खवले अजून चकाकणारे,
आणि लॉटरीचं अर्धं तिकीट.
खाली निचऱ्याची नळी, करंगळीएवढी,
गच्च.
एवढ्याशा नळीसाठी दोन मेकॅनिक, एक बॅटरी, एक मेहुणा.

नळीत सायकलचा स्पोक घातला. दात घासले.
आणि तारेला जोडाच्या अलीकडे एक झोळ दिला,
म्हणजे पुढचा थेंब आलाच, तर तिथे खाली पडावा,
आत जाऊ नये.
पाणी अडवता येत नाही नेहमी.
त्याला पडायला जागा करून द्यावी लागते.
(हे मी ब्रेइशोला सांगितलं. त्याने फोन उचलला.)

साबेलाने दोन किलो बांगडा दिला, बर्फासकट.
दर नोव्हेंबरला जाळी साफ कर, म्हटलं.
हो म्हणाली. करणार नाही.

त्या रात्री पाऊस कोसळला.
दोन वाजता मला जाग आली. नुसता पाऊस.
सकाळी दुकानाच्या दारात दोसिंदा उभी,
हातात रिकामं ताट.
रात्रभर वाट बघितली, म्हणाली.
तू दुरुस्त केलंस की बिघडवलंस?
आणि आलाच आहेस पुढे तर बघून जा,
माझी दारावरची घंटाही
पावसात आपोआप वाजते हल्ली.